नावांची पागडी

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला २०११ साली शंभर वर्षे झाली. ग्रंथदिंडी निघाली, स्मरणिका निघाली, आणि कार्यकारी मंडळात त्यातल्या त्यात संगणकाशी ओळख असलेला म्हणून वेबसाइटचे काम माझ्या गळ्यात पडले. गावाचे नाव, त्याला जोडून ‘वाचनालय’ आणि पुढे ‘डॉट कॉम’. हे डोमेन वर्षाला पाचशे रुपयांच्या आत मिळाले. दुर्मीळ ग्रंथांची यादी आणि जुनी छायाचित्रे आम्ही त्यावर चढवली. स्मरणिकेच्या मलपृष्ठावर पत्ता ठळक अक्षरांत छापला.

तीन वर्षांनी एका जुन्या सभासदाच्या मुलाचा अमेरिकेहून फोन आला. “काका, वाचनालय आता कर्जं द्यायला लागलं का?” मी उघडून पाहिले, तर ग्रंथयादीच्या जागी वैयक्तिक कर्जांच्या जाहिराती होत्या, आणि वर एक ओळ: हे नाव विक्रीस आहे, किंमत १,८८८ डॉलर. तेव्हाच्या दराने लाखाच्या वर. आमची वर्षाची पुस्तकखरेदी त्याहून कमी होती. नूतनीकरणाच्या सूचना माझ्याच नावे आल्या होत्या, पण ज्या ई-मेल पत्त्यावर आल्या तो उघडून पाहणे मी केव्हाच सोडून दिले होते. सभेत मी चूक कबूल केली. कोणी रागावले नाही. कार्यवाहांनी मात्र विचारले, “आपलंच नाव आपल्याला विकणारा हा कोण? आणि त्याला ते विकलं कोणी?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. मालकाचे नाव-गाव झाकून ठेवण्याची सोय या धंद्यात विकत मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यात, अर्पानेटमध्ये, प्रत्येक संगणकाचे नाव एकाच यादीत असे. ती यादी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवे नाव हवे तर त्यांना कळवायचे, त्या यादीत भर घालत, आणि बाकीचे ती यादी उतरवून घेत. तलाठ्याच्या दप्तरासारखीच व्यवस्था. संगणक वाढले तसे हे दप्तर आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आज चालते ती डोमेनपद्धत आखली. एकच यादी ठेवण्याऐवजी तिची जबाबदारी झाडाच्या फांद्यांसारखी वाटून दिली. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीने पहिले ‘डॉट कॉम’ नोंदवले. त्या सबंध वर्षात अशी नावे नोंदली गेली अवघी सहा. कोणालाही घाई नव्हती, कारण विकायला कोणी आणि घ्यायला कोणी नव्हते.

या सगळ्यामागे जॉन पोस्टेल हा दाढीवाला, सँडल घालून वावरणारा संशोधक होता. १९९४ मध्ये त्याने लिहिलेले एक टिपण आज वाचताना अंमळ वाईट वाटते. नावांचा कारभार पाहणारे हे विश्वस्त आहेत, तेव्हा हक्क आणि मालकी यांची भाषा इथे गैरलागू आहे. जबाबदारी आणि समाजाची सेवा यांबद्दल बोलावे, असा त्याचा आशय. नावे फुकट होती, खर्च अमेरिकेचे सरकार करत होते, आणि नियम एकच होता: जो आधी येईल त्याचे नाव. नाव वापरणार का, कशासाठी घेता, तुमचा त्याच्याशी संबंध काय, हे तपासण्याची रीत नव्हती. सहकारी सोसायटीत सगळे ओळखीचे असताना जसे वागतात तसे. बाहेरचे लोक आले की काय होईल, याचा विचार त्या नियमात नव्हता.

बाहेरचा पहिला माणूस आला तो पत्रकार. जोशुआ क्विटनर याने ‘वायर्ड’ मासिकाच्या ऑक्टोबर १९९४ च्या अंकात लिहिले, की मॅकडोनाल्ड्स या एवढ्या मोठ्या कंपनीने आपले नाव नोंदवलेलेच नाही. त्याने कंपनीला फोन करून पाहिले, पण तिथे कोणाला विषयच उमगेना. शेवटी त्याने ते नाव स्वतःच्या नावावर केले. पुढे कंपनी जागी झाली, तेव्हा ब्रुकलिनमधल्या एका सरकारी शाळेच्या इंटरनेट जोडणीसाठी साडेतीन हजार डॉलर घेऊन त्याने नाव परत दिले. क्विटनरने हे गमतीने केले. पण वाट मात्र त्याने दाखवून दिली.

१४ सप्टेंबर १९९५ ही तारीख मला या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या दिवसापासून नोंदणीला फी लागली, दोन वर्षांना शंभर डॉलर. नोंदणीचे कंत्राट नेटवर्क सोल्युशन्स या खासगी कंपनीकडे होते. फी लावली म्हणजे सट्टा थांबेल, असे वाटणे स्वाभाविक होते. पण फी सगळ्या नावांना सारखीच होती. गावाबाहेरचा खडकाळ तुकडा आणि बाजारपेठेतला कोपऱ्याचा गाळा एकाच दराने मिळू लागला, तर माणसे काय करतील? त्यात सुरुवातीची काही वर्षे पैसे आधी भरावे लागत नसत. नाव आधी मिळे आणि बिल मागाहून येई. शेकडो नावे अडवून गिऱ्हाइकाची वाट पाहणारे लोक याच काळात तयार झाले.

त्यातला इलिनॉयमधला डेनिस टेपन हा न्यायालयाच्या निकालपत्रांमुळे अमर झाला आहे. त्याने शंभरावर नावे अडवली होती. डेल्टा एअरलाइन्स, लुफ्तान्सा यांची नावेही त्यात होती. चित्रपटांचे कॅमेरे बनवणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीचे नाव त्याने डिसेंबर १९९५ मध्ये घेतले. आपला हेतू शुद्ध आहे हे दाखवण्यासाठी त्या पानावर इलिनॉयमधल्या पाना नावाच्या गावाची आकाशातून घेतलेली छायाचित्रे लावली. कंपनीकडे मागितले तेरा हजार डॉलर. कंपनीने नाही म्हटल्यावर तिच्याच कॅमेऱ्याचे ‘पॅनाफ्लेक्स’ हे नाव घेतले आणि त्या पानावर एकच शब्द लिहिला, ‘हॅलो’. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. पानागावच्या लोकांना या भानगडीची कल्पना होती की नाही कोण जाणे.

आपल्याकडे हीच लाट पुढच्या वर्षी आली. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहूइंडिया’ हे नाव वापरणाऱ्यांना मनाई केली. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ असा सामना रंगला. प्रतिवादींचे म्हणणे असे, की हा शब्द आम्ही रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या शब्दांच्या अक्षरांतून स्वतंत्रपणे घडवला. न्यायालयाला ही व्युत्पत्ती पटली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २००४ रोजी ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात सांगितले, की डोमेन हा नुसता पत्ता राहिलेला नाही, त्याला व्यापारचिन्हाची लक्षणे आली आहेत. आणि या तंट्यांसाठी भारतात वेगळा कायदा नसल्याने व्यापारचिन्हांचाच कायदा लावावा लागेल.

दुसऱ्याच्या नावावर डल्ला मारणारे असे हटले. पण सर्वसामान्य शब्द अडवणाऱ्यांचे काय? ‘बिझनेस’ हा शब्द कोणाच्या मालकीचा? ‘बिझनेस डॉट कॉम’ १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला आणि १९९९ मध्ये पंचाहत्तर लाख डॉलरला विकले गेले. यात कोणाची फसवणूक नाही. ज्याला आधी सुचले त्याने आधी घेतले. या व्यापाऱ्यांना सरसकट खंडणीखोर म्हणणारे लेख मी पुष्कळ वाचले, आणि ते मला पटत नाहीत. महामार्ग होण्याआधी त्याच्या कडेची जमीन घेणाऱ्याला आपण हुशार म्हणतो, मग याला का नाही?

मालकीच्या प्रश्नाचा निकाल लागला तो मात्र एका ओंगळ नावावरून. ‘सेक्स डॉट कॉम’ हे नाव गॅरी क्रेमेन याने १९९४ साली फुकट नोंदवले होते. १९९५ मध्ये स्टीफन कोहेन या भामट्याने एका बनावट पत्राच्या आधारे ते स्वतःच्या ताब्यात घेतले. पत्र क्रेमेनच्या ‘ऑनलाइन क्लासिफाइड्स’ या कंपनीच्या नावाने होते, आणि आमच्याकडे इंटरनेटची जोडणी नाही म्हणून ही विनंती कागदावर पाठवत आहोत, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता! नोंदणी कंपनीने क्रेमेनला एक फोनही न करता नाव बदलून दिले. क्रेमेन जिंकला, साडेसहा कोटी डॉलरचा हुकूमनामा मिळाला, आणि कोहेन मेक्सिकोत पळाला. मग क्रेमेनने नोंदणी कंपनीलाच कोर्टात खेचले. २००३ च्या निकालात न्यायमूर्ती कोझिन्स्की यांनी नाव नोंदवण्याची तुलना जमिनीच्या तुकड्यावर हक्क सांगण्याशी केली आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार डोमेन ही मालमत्ता आहे असे ठरवले. पोस्टेलच्या टिपणाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. तो स्वतः १९९८ मध्येच वारला होता.

माझ्या मते मात्र ही जमीन नाही, पागडी आहे. मुंबईच्या चाळीतल्या कुटुंबाला हे समजावून सांगावे लागणार नाही. खोली आपली नसते, भाडे नाममात्र असते, पण ते भरत राहिले तर कोणी काढू शकत नाही, आणि ताबा दुसऱ्याला देताना मोठी रक्कम मिळते. डोमेन जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येते, कायमचे कधीच नाही. सगळ्या ‘डॉट कॉम’ नावांचे दप्तर सांभाळणारी व्हेरिसाइन कंपनी सप्टेंबर २०२४ पासून एका नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर घेते, मग ते नाव कोट्यवधींचे असो की आमच्या वाचनालयाचे. फरक एवढाच, की चाळीच्या मालकाला पागडीच्या रकमेत हिस्सा मिळतो, इथे दप्तरवाल्याला विक्रीतला वाटा मिळत नाही. आणि भाडे थकले तर खोली खाली करायला चाळीत वर्षानुवर्षे लागतात. इथे अडीच महिने पुरतात. मुदत संपल्यावर साधारण पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत, मग जादा दंड भरून सोडवून घ्यायला तीस दिवस, मग पाच दिवस कुलूप, आणि सहाव्या दिवशी नाव मोकळे.

त्या मोकळ्या होण्याच्या क्षणावर एक अख्खा उद्योग उभा आहे. कोणती नावे सुटणार याच्या याद्या रोज पाहिल्या जातात, आणि नाव सुटताच सेकंदाला असंख्य मागण्या यंत्रेच पाठवतात. पुष्कळदा नाव तिथवर पोहोचतही नाही. ज्या दुकानातून घेतले तेच दुकान मुदतीनंतर त्याचा लिलाव करते. अशा नावाला गिऱ्हाइक शोधावे लागत नाही, कारण जुने वाचक पत्ता टाकून येतच राहतात आणि समोर दिसणाऱ्या जाहिरातींवर बोट ठेवतात. यून ये नावाच्या व्यापाऱ्याने अशा जाहिरातींवर चालणारी लाखावर नावे जमवली होती. मार्चेक्स या कंपनीने २००४ च्या अखेरीस तो सगळा गठ्ठा सुमारे १६ कोटी ४० लाख डॉलरला घ्यायचे ठरवले. विसरभोळेपणा फक्त आमच्यासारख्यांचा असतो असेही नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘पासपोर्ट’ सेवेच्या नावाचे पैसे भरायचे राहून गेले, तेव्हा एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून पस्तीस डॉलर भरून ते सोडवले.

आमच्या बाजूने कायदा काय करू शकत होता, हेही पाहिले. डिसेंबर १९९९ पासून जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे अशा तक्रारी करता येतात. पहिली तक्रार ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ची होती आणि जानेवारी २०००मध्ये तिचा निकालही लागला. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या व्यापारचिन्हासारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले व वापरले. फी पंधराशे डॉलर. एका गावाचे नाव आणि ‘वाचनालय’ हा शब्द यांत व्यापारचिन्ह कुठून दाखवणार? नॉर्थ कॅरोलायनातला उझी निसान हा माणूस स्वतःच्या आडनावाचे डोमेन मोटार कंपनीपासून वाचवण्यासाठी सुमारे आठ वर्षे लढला आणि जिंकला, पण त्याने निदान नाव सोडले नव्हते. आम्ही सोडले होते. टेपनने जे केले ते चोरीच्या जवळचे होते आणि त्याच्यासाठी कायदा झाला. बिझनेसवाल्याने केला तो व्यापार. आमच्या नावाला त्या माणसाने स्वतःहून कवडीचीही किंमत आणली नव्हती. जी होती ती शंभर वर्षे सांभाळलेल्या पुस्तकांची. या तिसऱ्या प्रकाराला कायद्यात शब्दच सापडत नाही. कायद्यासमोर आम्ही फक्त थकबाकीदार.

आम्ही ते नाव विकत घेतले नाही. ‘डॉट इन’ घेतले, दहा वर्षांचे पैसे एकदम भरले, आणि सूचनांसाठी तीन सभासदांचे पत्ते दिले. २०१४ मध्येच देवनागरीतले ‘डॉट भारत’ सुरू झाले होते, मराठीतही. तेही घेऊन ठेवले, यंदा पुन्हा कोणी आधी पोहोचू नये म्हणून. म्हणजे मीही न वापरता एक नाव अडवून बसलो आहे, हे लिहिताना लक्षात आले.

जुन्या नावावरची कर्जे मध्यंतरी गेली. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने स्मरणिका घरी नेली आणि मागचा पत्ता मोबाइलवर टाकून पाहिला. पत्त्यांच्या जुगाराचे पान उघडले. तिचे वडील स्मरणिका घेऊन वाचनालयात आले, शांतपणे टेबलावर ठेवून गेले. कपाटात एकशे बारा प्रती शिल्लक होत्या. ग्रंथपालबाईंनी पांढरा कागद आणि खळ आणली. दोन दुपारी बसून आम्ही प्रत्येक मलपृष्ठावर पट्ट्या चिकटवल्या. ज्या प्रती गावभर वाटल्या गेल्या आहेत, त्यांवरचा पत्ता अजून तसाच आहे.