नकलेचं यंत्र आणि यंत्राच्या नकला

एखाद्या कसलेल्या कातारी माणसाला जिन्याच्या कठड्याचा एक खांब बनवायला सांगा, तो हसत बनवून देईल. पण "तंतोतंत असेच अजून चाळीस" म्हटलं की खरी परीक्षा सुरू होते. एकतिसाव्याचं पोट जरा जाड, चौतिसाव्याची मान जरा बारीक... सुटा खांब पाहिला तर काही कळत नाही, रांगेत उभा केला की लगेच डोळ्यांत खुपतो.

यावरचा उपाय म्हणजे लेथला जोडायचं डुप्लिकेटर. हवा तो आकार एका पातळ फळीच्या कडेवर कापून घ्यायचा. हत्याराला जोडलेली एक खुंटी त्या कडेवरून फिरवायची. खुंटी आत गेली की हत्यार आत, खुंटी बाहेर आली की हत्यार बाहेर. झाला दुसरा खांब तयार!

हे इतकं सोपं का जमतं? कारण खांब गोल आहे. लाटणं, भोवरा, पाळण्याचा खांब, काहीही घ्या; लांबीवरच्या प्रत्येक बिंदूला एकच आकडा पुरतो, तो म्हणजे त्रिज्या. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर साधा एका ओळीचा अ‍ॅरे. म्हणून एका फळीची एक कड पुरते. पण वस्तू गोल नसेल तर? उदाहरणार्थ बंदुकीचा लाकडी दस्ता: कुठे चपटा, कुठे लंबगोल, मध्येच वाकलेला. तो लेथवर कसा कातणार?

हा प्रश्न सोडवणारा माणूस म्हणजे थॉमस ब्लँचर्ड. जन्म १७८८, गाव सटन, राज्य मॅसॅच्युसेट्स. आधी त्याने छोटे खिळे बनवायचं यंत्र केलं होतं. मग जवळच्याच मिलबरी गावातल्या एसा वॉटर्स यांच्या बंदुकीच्या कारखान्यातून बोलावणं आलं. बंदुकीची नळी लेथवर गोल कातता येत होती, पण मागच्या टोकाला ती पूर्ण गोल नसायची आणि तिथे गाडं अडायचं. ब्लँचर्डने तेही जमवून दाखवलं.

पुढचा किस्सा वॉटर्सच्या मुलाने बऱ्याच वर्षांनी लिहून ठेवलेला आहे, त्यामुळे थोडं मीठमसाला धरूनच वाचा. यंत्र बघायला कामगार जमले. नळ्या घासणाऱ्यांचं काम गेलं हे सगळ्यांनाच दिसत होतं. तेव्हा दस्ते घडवणारा एक जण म्हणाला, माझं काम काही याला हिसकावता येणार नाही, दस्ता थोडाच लेथवर कातता येतो! ब्लँचर्ड म्हणाला, तसं खात्रीने सांगता येत नाही, विचार करून बघतो. घरी जाताना वाटेतच त्याला युक्ती सुचली आणि तो "सापडलं!" म्हणून ओरडला. रस्त्यावरच्या माणसाला वाटलं, हा वेडा असावा.

युक्ती अशी. साध्या लेथवर लाकूड गरगर फिरतं आणि हत्यार जवळपास स्थिर असतं. ब्लँचर्डने हे उलटं केलं. तयार दस्ता (म्हणजे नमुना) आणि कोरं लाकूड, दोन्ही एकाच झुलत्या चौकटीत बसवले. ते एकाच गतीने, सावकाश फिरतात. नमुन्याला एक गुळगुळीत चाक टेकलेलं असतं. कोऱ्या लाकडासमोर त्याच व्यासाचं दुसरं चाक, पण याच्या कडेला पाती बसवलेली, आणि ते मात्र पट्ट्यावर प्रचंड वेगाने फिरतं. नमुन्याचा फुगीर भाग आला की चौकट मागे ढकलली जाते, लाकूड पात्यांपासून दूर जातं आणि कमी कापलं जातं. खोलगट भाग आला की चौकट पुढे येते आणि काप खोल जातो. दोन्ही चाकं मिळून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातात. नमुन्याचा कणन् कण "वाचला" जातो आणि त्याच क्षणी शेजारी "लिहिला" जातो. आकडे कुठेही नाहीत, नमुना हाच डेटा!

पेटंट मिळालं ६ सप्टेंबर १८१९ रोजी, आणि दुरुस्त करून पुन्हा २० जानेवारी १८२० ला. गंमत म्हणजे त्या पहिल्या पेटंटच्या बाराच दिवस आधी इंग्लंडमध्ये जेम्स वॉट वारला. वाफेच्या इंजिनाचा हा बादशहा म्हातारपणी घराच्या माळ्यावर पुतळ्यांच्या नकला करणारी यंत्रं बनवत बसायचा. त्यांचं पेटंट त्याने घेतलंच नाही. ती खोली आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. वॉटची यंत्रं माळ्यावर राहिली, ब्लँचर्डचं थेट सरकारी शस्त्रकारखान्यात गेलं.

स्प्रिंगफील्डच्या त्या कारखान्यात ब्लँचर्डने पुढच्या काही वर्षांत एकूण १४ यंत्रांची माळच उभी केली. कारण लेथ फक्त बाहेरचा आकार देत होतं. नळी बसायची खाच, चाप बसायचा खळगा, यांना वेगळी यंत्रं लागली. १८५३ साली अमेरिकेत आलेल्या इंग्रज इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थने नोंद केली की एक दस्ता यंत्रांवर सुमारे २२ मिनिटांत तयार होतो. लगेच ब्रिटिश सरकारने अशीच यंत्रं अमेरिकेतून विकत घेतली, एनफील्डच्या कारखान्यासाठी. होय, १८५७ च्या काडतुसांच्या प्रकरणात शाळेत वाचलेली एनफील्ड रायफल ती हीच, १८५३ चा नमुना. (भारतात पोचलेल्या पहिल्या रायफलींचे दस्ते मात्र अजून हाताचेच होते. यंत्रं जोरात सुरू झाली ती नंतर.)

आणि बंदुकीवरच थांबलं नाही. कुऱ्हाडीचे दांडे, चाकांचे आरे, जोडे बनवायचे कलबूत, सगळं यावर होऊ लागलं. नमुना आणि लाकूड परस्परविरुद्ध दिशांनी फिरवले की आरशातली प्रतिमा मिळते, म्हणजे उजव्या पायाच्या कलबुतावरून डाव्या पायाचं!

आता खरी मजा. इतकं उपयोगी यंत्र म्हटल्यावर लोक त्याची नक्कल करणारच. नकलेचं यंत्र शोधणाऱ्या माणसाची पुढची कित्येक वर्षं स्वतःच्या यंत्राच्या नकला थांबवण्यात गेली. १८३९ च्या 'ब्लँचर्ड विरुद्ध स्प्रेग' खटल्यात प्रतिपक्षाचं म्हणणं होतं की हा माणूस यंत्रावर नाही, "वाकडेतिकडे आकार कातणे" या नुसत्या तत्त्वावरच हक्क सांगतोय. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी सांगितलं की निव्वळ तत्त्वाचं पेटंट होत नाही, पण ब्लँचर्डचा दावा त्याने वर्णन केलेल्या यंत्रावरच आहे. सॉफ्टवेअर पेटंटवर वाद घालणाऱ्या मित्रांनो, तुमचा वाद निदान १८३९ इतका जुना आहे :-)

पेटंटची मुदत १८३४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने वाढवून दिली. १८४८ मध्ये पुन्हा वाढवायची वेळ आली, तेव्हा ब्लँचर्डने वॉशिंग्टनमध्ये हेन्री क्ले, डॅनियल वेबस्टर अशा पुढाऱ्यांचे अर्धपुतळे आपल्या यंत्रावर कातून मांडले. मुदत मिळाली! त्यावर रूफस चोट नावाच्या वकिलाने कोटी केली म्हणतात, की ब्लँचर्डने काँग्रेसची डोकी फिरवली. ही कोटी मराठीत आणताना काहीच करावं लागत नाही.

ब्लँचर्ड १८६४ मध्ये वारला. त्याच्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही, त्याने डोकं लढवलं होतं. पण मला राहून राहून दुसराच विचार येतो. यंत्रात बसवलेला पहिला नमुना कुणीतरी हातानेच घडवला असणार. म्हणजे दस्तेवाल्याचं कसब नाहीसं झालं नाही, ते नमुन्यात गेलं. कायद्याने यंत्राला मालक दिला, मुदत दिली, मुदतवाढही दिली. नमुन्यात गोठलेल्या कसबाला मात्र एकदाची मजुरी मिळाली, बस.

गेल्या काही वर्षांत कोड लिहिणारी एआय साधनं आमच्याही टेबलावर आली आहेत. ती ज्या कोडवर शिकली, तो आमच्यासारख्या हजारोंनी रात्री जागून लिहिलेला आहे. "आमचं काम काही याला जमणार नाही" असं जेवणाच्या सुट्टीत कुणी म्हणालं की मला दस्ते घडवणारा तो कारागीर आठवतो. तो दस्त्याबद्दल चुकला हे खरं. पण त्याने विचारायला हवा होता तो प्रश्न यंत्राला जमेल का हा नव्हताच. नमुना कुणाचा, हा होता.

स्प्रिंगफील्डचा कारखाना १९६८ मध्ये बंद झाला. तिथे आता संग्रहालय आहे आणि ब्लँचर्डचं लेथ तिथे जपून ठेवलंय. कधी तिकडे जाणं झालं तर चाकं आणि पाती बघाच, पण नमुन्याच्या जागेकडेही जरा वेळ बघत उभे राहा.