मोहरमआधीची गल्ली

मोहरम हा दुखवट्याचा महिना. इ.स. 680 मध्ये करबलाला इमाम हुसेन शहीद झाले, त्यांची ही आठवण. तरी आपल्या शहरांत त्याआधी पेठापेठांत लगबग असे. एकोणिसाव्या शतकात पुण्यात ताबूत बांधायला, मिरवणुकीत वाजवायला हिंदूही पुढे असत.

1893 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या अनेक हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली. जिथे तयारीची गडबड असे, तिथे धाकधूक आली.

आमच्या कोल्हापुरात मात्र धागा टिकला. आजही कुदळ मारली की मोहरमची तयारी सुरू होते. तालमींत पंजे बसतात, आणि कित्येक तालमींचे कार्यकर्ते हिंदू असतात. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर तर गणपती कोरलेला आहे. आम्ही बायका गूळ-कणकेचे चोंगे करतो, मलिदा करतो, पिराचा नवस फेडतो.

चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून मोहरम दरवर्षी अलीकडे सरकतो. 2018 आणि 2019 मध्ये तो गणेशोत्सवातच आला. तेव्हा काही तालमींत गणपती आणि पीर शेजारी शेजारी बसले.

दंगलीची तारीख पुस्तकात सापडते. चोंग्यांची कणीक कुणाच्या घरी मळली जायची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. गल्ली शांत राहते ती अशा देण्याघेण्यामुळे. म्हणून म्हणतो, घरातल्या आजीला विचारा आणि ती सांगेल ते बचत गटाच्या वहीत मागच्या पानावर उतरवून ठेवा.