स्थाननिश्चिती, प्राध्यापकांची

महाविद्यालयीन अध्यापकाची सेवा आणि कामगिरी तपासून त्याला वरची वेतनश्रेणी व पद देण्याची पद्धत. सरकारी नाव ‘करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम’. स्टाफरूममध्ये नुसते ‘कॅस’.

तळेगाव दाभाड्याचे इंद्रायणी आणि लोणावळ्याचे डॉ. बी. एन. पुरंदरे ही मावळातली महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. अशा ठिकाणी आधार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) १८ जुलै २०१८ च्या नियमांचा. अभियांत्रिकीला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे (एआयसीटीई) नियम वेगळे.

कॅसच्या आधी नोकरीत कायम व्हावे लागते. अमेरिकेत ‘टेन्युअर’साठी, म्हणजे कायम नेमणुकीसाठी, सात वर्षांपर्यंत कस लागतो. इथे परिवीक्षा एक वर्षाची, फार तर आणखी एक. ती संपली की ४५ दिवसांत कायम केल्याचा आदेश निघायला हवा. खरी मारामार असते ती त्याआधी, मंजूर जागा मिळवण्याची. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याला कॅसची शिडी लागूच नाही.

सहायक प्राध्यापक वेतनस्तर (लेव्हल) १० वर, ५७,७०० रुपये मूळ वेतनावर रुजू होतो. पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा वर्षांनी लेव्हल ११. पुढे पाच वर्षांनी १२. त्यानंतर तीन वर्षांनी सहयोगी प्राध्यापक, म्हणजे १३ए. इथे मूळ वेतन एकदम १,३१,४०० होते आणि पीएच.डी.वाचून दार उघडत नाही.

नुसती वर्षे भरून भागत नाही. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के घेतले तर शेरा ‘चांगला’, ७० ते ८० मध्ये ‘समाधानकारक’. उद्बोधन व उजळणी वर्गांची प्रमाणपत्रे लागतात. २०१० पासून कामगिरीचे, त्यात छापलेल्या शोधनिबंधांचेही, ‘एपीआय’ नावाचे गुण मोजले जात. त्यापायी सुमार नियतकालिकांचे चांगलेच फावले. २०१८ मध्ये पदोन्नतीपुरती ती पद्धत गेली, जाडजूड फाइल मात्र राहिली. पहिल्या दोन टप्प्यांवर ती प्राचार्य, विभागप्रमुख आणि कुलगुरूंनी नेमलेले दोन विषयतज्ज्ञ तपासतात. पुढच्या पदांसाठी निवड समिती बसते. मग वेतननिश्चितीसाठी उच्च शिक्षण सहसंचालकांचे कार्यालय. लोणावळ्याच्या माणसाला या कामासाठी लोकलने पुणे गाठावे लागते.

ही बढती जागेची नसते, माणसाची असते. तो निवृत्त झाला की पद पुन्हा मूळ संवर्गात जाते.