लेखा-सॉफ्टवेअरमधील पूरक आज्ञावलींचे प्रमाणीकरण : नॅव्हिजन ते बिझनेस सेंट्रल – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

व्यवसायाचे हिशेब संगणकावर आले, तेव्हा रोजकीर्द, खतावणी, तेरीज व ताळेबंद हा क्रम बदलला नाही. परंतु त्या क्रमाची शिस्त सांभाळणारा बदलला. पूर्वी ती जबाबदारी दिवाणजीची होती, आता ती आज्ञावलीकडे आली. तथापि कोणतेही तयार लेखा-सॉफ्टवेअर सर्व व्यवसायांच्या गरजा पूर्ण करू शकत नाही. औषध वितरकास तुकडी क्रमांकाची नोंद हवी असते, कारखान्यास उत्पादनखर्चाची, तर संस्थेस निधीनिहाय हिशेबाची. ही उणीव मूळ उत्पादकाखेरीज अन्य कंपन्यांनी लिहिलेल्या पूरक आज्ञावली भरून काढतात. अशी आज्ञावली मूळ खातेवहीत हात घालत असल्याने तिच्या विश्वसनीयतेची हमी कोणी द्यावी, हा प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत लेखात नॅव्हिजन या मूळच्या डॅनिश लेखा-सॉफ्टवेअरच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

खुल्या रचनेचा काळ

येस्पर बाल्सर, पीटर बांग व टॉर्बेन विंड या तिघांनी १९८४ मध्ये डेन्मार्कमध्ये 'पीसी अँड सी' ही कंपनी स्थापन केली. तिचे उत्पादन पुढे नॅव्हिजन या नावाने ओळखले जाऊ लागले. १९९५ मध्ये विंडोज प्रणालीवर चालणारे 'नॅव्हिजन फायनान्शियल्स' बाजारात आले. कंपनी आपले सॉफ्टवेअर भागीदार विक्रेत्यांमार्फत विकत असे, आणि या भागीदारांना लेखाव्यवहाराची बरीचशी मूळ आज्ञावली वाचता व बदलता येत असे. त्यासाठी 'सी/एएल' ही पास्कलशी साधर्म्य असलेली भाषा उपलब्ध होती. नॅव्हिजनच्या प्रसारामागे हे खुलेपण एक प्रमुख कारण होते.

या खुलेपणाला एक मर्यादा होती, ती क्रमांकांची. प्रणालीतील प्रत्येक सारणी व आज्ञावली-घटकास क्रमांक असे. खातेवहीतील नोंदींची सारणी १७ क्रमांकाची, ग्राहकांची १८, मालाची २७, तर विक्री-दस्तऐवजाच्या शीर्षभागाची ३६. रोजकीर्दीतील ओळ खातेवहीत नेणारा आज्ञावली-घटक १२ क्रमांकाचा. ग्राहकाच्या स्वतःच्या बदलांसाठी ५०,००० ते ९९,९९९ हे क्रमांक राखीव होते. इतरांना विकावयाच्या पूरक आज्ञावलींसाठी उत्पादकाकडून स्वतंत्र क्रमांक-पट्टा घ्यावा लागे. हा पट्टा घेणे म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळणे नव्हे. गावठाणातील घरांना क्रमांक द्यावेत, तसा तो प्रकार होता. मात्र उत्पादकाच्या नियमनाची ती पहिली पायरी ठरते.

खुलेपणाची किंमत

क्रमांकांनी टक्कर टळे, पण ती पूर्णतः नाही. एका विक्रेत्याने विक्री-सारणीत ५०,००० क्रमांकाचा रकाना जोडला आणि दुसऱ्याने त्याच क्रमांकाचा वेगळा रकाना जोडला, तर दोन्ही आज्ञावली एकत्र नांदणे अशक्य होई. क्रमांक वेगळे असले तरी दोघांनीही १२ क्रमांकाच्या घटकातील एकाच ठिकाणी आपल्या ओळी घातल्या असतील, तर त्या हाताने जुळवाव्या लागत. नवी आवृत्ती आली की हीच जुळवाजुळव पुन्हा करावी लागे. परिणामी अनेक ग्राहक वर्षानुवर्षे जुन्याच आवृत्तीवर राहत.

लेखाशास्त्राच्या दृष्टीने धोका याहून गंभीर होता. नावे व जमा यांचा मेळ, तसेच एकदा खतावलेली नोंद न खोडता उलट नोंदीने दुरुस्त करणे, ही तत्त्वे याच घटकांत गुंफलेली होती. तेथे केलेला अविचारी बदल हिशेबाच्या मुळाशी जाई, आणि त्याची जबाबदारी उत्पादकाची, विक्रेत्याची की ग्राहकाची, हे ठरविणे अवघड होई.

प्रमाणपत्राचा उदय

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतील फार्गो येथील ग्रेट प्लेन्स सॉफ्टवेअर ही कंपनी ताब्यात घेतली व २००२ मध्ये नॅव्हिजन. २००५ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स' हे समान नाव जाहीर झाले. आता एकाच नावाखाली निरनिराळी उत्पादने आणि अनेक देशांतील भागीदारांच्या पूरक आज्ञावली आल्या. डेन्मार्कमधील छोट्या वर्तुळात परस्पर ओळखीवर जे चालत होते, ते या व्यापात पुरेसे नव्हते. या पार्श्वभूमीवर त्या दशकाच्या उत्तरार्धात 'सर्टिफाइड फॉर मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स' ही योजना सुरू झाली. तीत स्वतंत्र चाचणी संस्थेकडून तांत्रिक तपासणी आणि प्रत्यक्ष वापर करणाऱ्या ग्राहकांची शिफारस, असे दोन आधार होते. पहिला आज्ञावलीच्या बांधणीविषयी बोलतो, दुसरा तिच्या उपयोगाविषयी. तरीही मूळ आज्ञावलीत बदल करण्याची मुभा कायम राहिल्याने जुळवाजुळवीचा प्रश्न सुटला नाही. प्रमाणपत्र होते, परंतु रचना जुनीच होती.

रचनेतच नियमन

नॅव्हिजनच्या २०१६ या आवृत्तीपासून दिशा बदलली. मूळ आज्ञावली न बदलता, तिच्यातील ठरावीक घटनांना प्रतिसाद देणाऱ्या 'एक्स्टेन्शन' या विलग जोडणीची सोय झाली. एप्रिल २०१८ मध्ये 'बिझनेस सेंट्रल' हे मेघाधारित रूप आले आणि ऑक्टोबर २०१९ च्या १५ व्या आवृत्तीपासून जुनी विकास-व्यवस्था व 'सी/एएल' भाषा बंद झाली. 'अ‍ॅपसोर्स' या मायक्रोसॉफ्टच्या बाजारपेठेत येण्यासाठी आज्ञावलीवर अंकीय स्वाक्षरी, नोंदणीकृत उपसर्ग वा प्रत्यय आणि नेमून दिलेला क्रमांक-पट्टा आवश्यक ठरला. नियमांची पडताळणीही मोठ्या प्रमाणावर यंत्राकडे गेली. वर्षातून दोनदा येणाऱ्या मोठ्या आवृत्तींशी सुसंगत न राहणारी आज्ञावली बाजारपेठेतून हटविली जाऊ शकते. म्हणजेच प्रमाणीकरण ही एकदाच मिळणारी सनद न राहता सतत पाळावयाची अट बनली.

यातून ग्राहकास आवृत्ती बदलणे सुकर झाले, हे निर्विवाद. परंतु प्रवेशद्वाराची किल्ली एकाच उत्पादकाकडे गेली. जो उत्पादक नियम करतो, तोच बाजारपेठ चालवितो आणि काही क्षेत्रांत पूरक आज्ञावली लिहिणाऱ्यांचा प्रतिस्पर्धीही असतो.

प्रमाणपत्र आणि कायदा

उत्पादकाचे प्रमाणपत्र हिशेबाच्या सत्यतेची हमी देत नाही. ही उणीव आता कायदा आपल्या पद्धतीने भरू पाहतो. डेन्मार्कने २०२२ च्या हिशेबलेखन कायद्याने प्रमाणित स्वरूपाच्या अंकीय हिशेबप्रणालींची नोंदणी शासकीय यंत्रणेकडे करणे पुरवठादारांवर बंधनकारक केले. भारताने वेगळा मार्ग निवडला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरावयाच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा, बंद करता न येणारा मागोवा असणे आवश्यक आहे. त्यावर अभिप्राय देण्याचे काम लेखापरीक्षकाकडे आहे. येथे जबाबदारी प्रामुख्याने कंपनीची. भारतात बहुपरिचित असलेल्या टॅलीसाठीही तिच्या 'टीडीएल' या भाषेत अनेक लहान विक्रेते पूरक आज्ञावली लिहितात. मूळ प्रणालीत मागोवा असला, तरी बाहेरून जोडलेली आज्ञावली तो पाळते का, हा प्रश्न म्हणूनच महाराष्ट्रातील एखाद्या छोट्या खासगी कंपनीच्या लेखापरीक्षकासमोरही उभा राहतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, प्रमाणीकरणाचा प्रवास क्रमांकवाटपातून चाचणीकडे आणि चाचणीतून रचनेकडे झाला. प्रत्येक टप्प्यावर तांत्रिक धोका घटला व उत्पादकाचे नियंत्रण वाढले. तथापि कोणत्याही टप्प्यावर प्रमाणपत्राने लेखापरीक्षकाची जागा घेतली नाही. आज्ञावली नीट बसते, एवढेच प्रमाणपत्र सांगते. नोंद खरी आहे की नाही, हे सांगण्याचे दायित्व अद्याप माणसाचेच आहे. वाणिज्य शाखेच्या अध्यापनात सॉफ्टवेअर हाताळण्याच्या कौशल्याबरोबरच हा भेदही शिकविला जाणे अगत्याचे ठरते.