पिनबॉल : छर्‍याची गती व आघात

पिनबॉल हा काचेखालील उतरत्या पटावर पोलादी छर्रा खेळविण्याचा यांत्रिक खेळ असून, त्यातील छर्‍याची सारी गती घरंगळणे व आघात या दोन क्रियांत सामावते. खिळे ठोकलेला व स्प्रिंगच्या दांड्याने छर्रा उडविण्याचा जो लाकडी पट मराठी घरांतील मुलांच्या परिचयाचा आहे, तो याच कुळातला. १९४७ साली शिकागोच्या गॉटलीब कंपनीने ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात फ्लिपर, म्हणजे खेळाडूच्या हुकमतीत फिरणारी पाती, बसविली आणि खेळाचे स्वरूप पालटले. वाळूज औद्योगिक वसाहतीलगतच्या बजाजनगरात, जेथे दुचाकीच्या बेअरिंगमधला छर्रा कामगारांच्या नित्य परिचयाचा आहे, या खेळाचे मर्म सांगणे सोपे जावे. कारण काठिण्य, तंतोतंत गोलाई व गुळगुळीत पृष्ठ हे बेअरिंगमध्ये आवश्यक असलेले गुण येथेही तितकेच आवश्यक असतात.

प्रचलित छर्‍याचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर व वजन सुमारे ८० ग्रॅम असते. पटाचा उतार बहुधा साडेसहा अंशांचा ठेवतात. अशा उतारावरून घर्षणाविना घसरणार्‍या वस्तूचा वेग दर सेकंदास १.११ मीटर प्रतिसेकंद इतका वाढला असता. परंतु न घसरता घरंगळणार्‍या भरीव गोलाच्या गतिज ऊर्जेचा दोन सप्तमांश हिस्सा परिवलनात जात असल्यामुळे ही वाढ ०.७९ वर येते, आणि स्थिरावस्थेतून एक मीटर उतरण्यास छर्‍याला सुमारे १.६ सेकंद लागतात.

खरी गुंतागुंत आघातांत आहे. सपाट भिंतीवर आपटताना नेमातील चूक वाढत नाही असे म्हणता येईल, पण बंपरावर, म्हणजे पटावरील गोल अडथळ्यावर, ती झपाट्याने वाढते : बंपर व छर्रा यांच्या त्रिज्यांची बेरीज ५० मिलिमीटर आणि दोन बंपरांतील मार्ग १५० मिलिमीटर धरल्यास, समोरासमोरच्या आघातात चूक दर खेपेस सुमारे सातपट होते, म्हणजे एक दशांश मिलिमीटरचा फरक तीन आघातांनंतर छर्‍याच्या व्यासाहूनही मोठा होतो. बहिर्वक्र अडथळ्यांमुळे होणार्‍या या विखुरण्याचा कठोर गणिती विचार रशियन गणितज्ञ सिनाई यांनी १९७० मध्ये मांडला. नियम पूर्णपणे निश्चित असूनही भाकीत अशक्य व्हावे, ही गोष्ट मला या यंत्राचे खरे वैभव वाटते. त्यातच विद्युतचुंबकाने झटका देणारा बंपर छर्‍याला आघातापूर्वीच्या वेगाहून अधिक वेगाने परतवितो. ही वाढीव ऊर्जा विजेची असते.

फ्लिपरचे कार्य निराळे. छर्‍याचा वेग सेकंदास १ मीटर, समोरून येणार्‍या पात्याचा ३ मीटर, आणि आघातानंतरच्या व पूर्वीच्या सापेक्ष वेगांचे गुणोत्तर ०.७ असल्यास, छर्रा ५.८ मीटर वेगाने परततो. पात्याच्या टोकाचा वेग मुळाशी असलेल्या वेगाहून अधिक असल्यामुळे छर्रा कोठे व कोणत्या क्षणी गाठावा यावर दिशा व वेग दोन्ही ठरतात, आणि छर्रा पात्यावर रोखून धरता आला तर मागील आघातांची सारी अनिश्चितता तेथे पुसली जाते.

न्यूयॉर्क शहराने १९४२ च्या सुमारास जुगार म्हणून या खेळावर घातलेली बंदी १९७६ मध्ये उठविली. आपल्याकडे १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. त्या कसोटीवर फ्लिपर असलेला व नसलेला पट एकाच मापाने मोजणे न्याय्य ठरणार नाही.