गिरनारच्या छायेतील जुनागढ : जीर्णोद्धाराची दोन हजार वर्षे

सौराष्ट्रातील जुनागढ हे नगर जैन समाजाला परिचित आहे ते गिरनार यात्रेचे प्रवेशद्वार म्हणून. पहाटे पर्वत चढावा, बावीसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथांचे दर्शन घ्यावे आणि सायंकाळच्या गाडीने परतावे, असा यात्रेकरूंचा क्रम असतो. त्यामुळे पायथ्याचे हे प्राचीन नगर बहुधा पाहावयाचे राहून जाते. जुनागढ म्हणजेच जुना गड. पूर्वेस गुजरातमधील सर्वांत उंच पर्वत गिरनार. नगराच्या कडेला उपरकोटचा भक्कम किल्ला. किल्ल्यात खडक खोदून केलेली अडी-कडी वाव व नवघण कुवा. आणि गावात नबाबी काळातील मकबरा व त्याच्या मनोऱ्यांना वेढा घालीत वर जाणारे जिने. शतकाशतकांचा इतिहास येथे शेजारी शेजारी नांदतो आहे.

नगरातून पर्वताकडे जाताना वाटेत एक प्रचंड शिला लागते. तिच्यावर तीन राजांचे लेख कोरलेले आहेत. पहिले, सम्राट अशोकाचे चौदा लेख, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील. त्यांच्या आरंभीच प्राणिहत्येचा निषेध आहे. विवाहाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ज्या नेमिकुमारांनी रथ मागे वळविला व गिरनारवर दीक्षा घेतली, त्यांच्याच पर्वताच्या पायथ्याशी अहिंसेची ही राजाज्ञा असावी, हा योग मनाला भिडल्याशिवाय राहत नाही.

दुसरा लेख महाक्षत्रप रुद्रदामन याचा, इ. स. १५० चा. येथील सुदर्शन सरोवराची कथा त्यात आहे. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने हा तलाव बांधविला. शिलालेख त्याला स्पष्टपणे ‘वैश्य’ म्हणतो, ही गोष्ट व्यापारी समाजाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. पुढे अशोकाच्या काळी त्याला पाट काढण्यात आले. रुद्रदामनाच्या काळात भयंकर वादळी पावसाने बांध फुटला. भगदाड ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल होते. काम आवाक्याबाहेरचे म्हणून मंत्र्यांनी विरोध केला. बांध पुन्हा होत नाही असे पाहून प्रजेत हाहाकार उडाला. तेव्हा सुविशाख या अधिकाऱ्याकडून राजाने तो पहिल्याहून अधिक मजबूत बांधून घेतला. महत्त्वाचे हे की, प्रजेवर जादा कर, वेठबिगार वा सक्तीची वर्गणी न लादता सर्व खर्च स्वतःच्या कोशातून केल्याचे त्याने नमूद करून ठेवले आहे. तिसरा लेख गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा. इ. स. ४५५ च्या सुमारास बांध पुन्हा फुटला व चक्रपालित या अधिकाऱ्याने तो दुरुस्त केला. त्यानंतर मात्र या शिलेवर दुरुस्तीचा लेख नाही. आज ते सरोवरही उरलेले नाही.

पर्वतावरील इतिहास निराळा आहे. दिगंबर परंपरेनुसार येथील चंद्रगुफेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत व भूतबली या मुनींना आगमज्ञान दिले आणि त्यातून ‘षट्खंडागम’ सिद्ध झाला. बाराव्या शतकात सिद्धराज जयसिंहाने सौराष्ट्र जिंकून सज्जन मंत्र्यास तेथे नेमले. सज्जनाने इ. स. ११२९ च्या सुमारास नेमिनाथ मंदिराचा जीर्णोद्धार केला. परंपरा सांगते की, त्यासाठी त्याने राज्याचा वसूल खर्च केला. राजाने हिशेब मागितला, तेव्हा वंथळीच्या व्यापाऱ्यांनी सर्व रक्कम भरून देण्याची तयारी दाखविली. सज्जनाने राजाला विचारले, द्रव्य हवे की पुण्य? राजाने पुण्य स्वीकारले. कथेतील तपशील काहीही असो, हिशेब मागणारा राजा, तो देणारा मंत्री आणि पाठीशी उभा राहणारा समाज, हे त्रिकूट विचार करण्याजोगे आहे.

पुढे कुमारपालाच्या काळी आंब या दंडाधिपतीने पायवाट बांधली. इ. स. १२३२ मध्ये वस्तुपाल-तेजपाल बंधूंनी मंदिर उभारले. १४७२ मध्ये महमूद बेगडाने जुनागढ जिंकले. नंतर नबाब आले. ९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारने कारभार हाती घेतला. राज्ये बदलली, यात्रा थांबली नाही. आजच्या सुमारे दहा हजार पायऱ्यांच्या बांधकामासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉटरी काढून लोकांकडूनच निधी उभारण्यात आला. २०२० मध्ये अंबाजीपर्यंत रोपवे झाला आणि २०२३ मध्ये उपरकोट दुरुस्तीनंतर पुन्हा खुला झाला. ज्येष्ठांनाही आता पर्वत व नगर दोन्ही निवांत पाहता येतात.

सरोवर राजांच्या कोशावर अवलंबून होते. लक्ष देणारा राजा गेला आणि सरोवर गेले. मंदिरामागे संघ होता. म्हणून राजे गेले तरी मंदिर राहिले. बांधणाऱ्याचे नाव शिलेवर कोरले जाते, पण वास्तू टिकते ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्यांमुळे. सुवर्णमहोत्सवाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही विश्वस्त संस्थेने गिरनारकडून घ्यावयाचा बोध हाच. पन्नास वर्षे झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. चोख हिशेब आणि वेळेवर जीर्णोद्धार ही दोन व्रते पुढील पिढीच्या हाती सोपवावयाची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ.