चुंबळीवरची पेटी

राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर आणि कल्याण असा प्रवास करत वसईच्या खाडीला मिळणाऱ्या उल्हास नदीच्या काठी मासेमारीचे साहित्य आणि ते वाहून नेण्याचे साधन अशा दोन वेगळ्या वस्तू फार काळ नव्हत्याच. पहिल्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत आणि भातखाचरांत चढू लागतात. या चढणीला कुळगाव-बदलापूर परिसरात आणि रायगडात ‘वलगण’ म्हणतात, आणि या दिवसांत आगरी, कातकरी, ठाकूर माणसे जी साधने हाती घेतात, त्यांतला पाग (फेकून पसरायचे गोल जाळे) खांद्यावर टाकता येतो, कोयती कमरेला खोचता येते आणि टोकदार सळई काठीसारखी हातात धरता येते. साधन आणि पाणी यांत एका चालीचे अंतर असेल, तर पेटी हे केवळ ओझे ठरते.

हे अंतर रेल्वेने वाढवले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबई-ठाणे मार्ग १८५३ मध्ये, कल्याणपर्यंतचा १८५४ मध्ये आणि कल्याणहून बदलापूरमार्गे खोपोलीच्या दिशेने जाणारा १८५६ मध्ये सुरू झाला. जिथे प्रवासी घोडे बदलत म्हणून गावाला बदलापूर नाव पडले असे लोक सांगतात, तिथे आता कुळगावलगतच्या स्थानकात गाडी थांबू लागली. घोड्याच्या प्रवासात सामान मालकाच्या नजरेसमोर राहत असे, तर आगगाडीत ते हमालाच्या डोक्यावरून गार्डच्या डब्यात, तिथून फलाटावर आणि पुढे बैलगाडीत असे चार अनोळखी हातांतून जाऊ लागले. प्रवासी पेटीला कठीणपणा आला तो या अनोळखी हातांमुळे, आणि पुढच्या दीडशे वर्षांत तिच्या आकारात व साहित्यात जे बदल झाले, त्यांपैकी बहुतेकांचे मूळही तिथेच सापडते.

जस्ती पत्र्याची ट्रंक हे या बदलाचे पहिले मोठे फळ होय. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कातड्याच्या पेटीला बुरशी धरते आणि लाकडी पेटी वाळवीच्या तोंडी जाते. पत्रा या दोन्ही संकटांना पुरून उरला. पत्रेवाल्याचे काम जवळून पाहिले तर ही वस्तू किती विचारपूर्वक घडलेली आहे हे कळते. पेटीच्या तोंडाशी जाड तार ठेवून तिच्यावर पत्रा वळवलेला असतो, त्यामुळे कड हाताला कापत नाही आणि तोंड वेडेवाकडे होत नाही. झाकणाची कड खालच्या भागावर बोटभर उतरलेली असते, म्हणजे पाणी आत न शिरता बाहेरून ओघळून जाते. आणि तळ सपाट असतो, कारण डोक्यावर ठेवायच्या कापडाच्या वेटोळ्यावर, म्हणजे चुंबळीवर, गोलाकार तळाची पेटी स्थिर बसत नाही. दर्शनी बाजूला कडी-कोयंडा आणि झाकणावर पांढऱ्या रंगात मालकाचे नाव व गाव. हमालाचे डोके हे या पेटीचे खरे माप होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

लांब वस्तूंचा प्रश्न मात्र ट्रंकेने सोडवला नाही. हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर हेन्री सलिव्हन थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळच्या शौकिनांनी आपली बांबूची लांब काठी दोन-तीन तुकड्यांत करून ते पितळी नळीच्या जोडाने एकमेकांत बसवण्याची पद्धत अंगीकारली होती. असा प्रत्येक जोड काठीच्या लवचीकतेत अडथळा आणतो, हे जाणकारांना ठाऊक होते, तरीही प्रवासासाठी ती किंमत मोजली गेली. १९३६ मध्ये पवई तलावावर सुरू झालेल्या आणि पुढे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संस्थेपर्यंत हीच जोडकाठीची परंपरा येऊन पोहोचते. साहित्याने पेटीपुढे वाकावे की पेटीने साहित्याएवढे लांब व्हावे, या वादाचा पहिला निकाल अशा रीतीने पेटीच्या बाजूने लागला.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीने ट्रंकेचा या भूमीशी असलेला संबंध आणखी घट्ट केला. ही ‘ट्रान्झिट’ छावणी होती, म्हणजे सैनिकांनी काही काळ थांबून पुढे निघायचे ठिकाण, आणि अशा ठिकाणी माणसाचे सारे घर त्याच्या पेटीत असते. फाळणीनंतर तिथल्या सुमारे २,१०० बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून या वसाहतीचे उल्हासनगर झाले. कराचीहून बोटीने किंवा राजस्थानमार्गे आगगाडीने आलेल्या या कुटुंबांना घरातले किती सामान पेटीत मावते, याच हिशोबाने मागचे आयुष्य निवडून घ्यावे लागले होते. प्रवासी पेटीच्या इतिहासात छंद आणि चैन यांचीच वर्णने अधिक येतात. ही बाजू त्यांत फार थोड्या ओळींत आटोपली जाते, हा त्या इतिहासावरचा अन्याय आहे.

पत्र्याची सद्दी प्लास्टिकने संपवली. १९७१ पासून बाजारात आलेली व्हीआयपी सुटकेस आणि पुढे नाशिक परिसरात स्थिरावलेला साच्यातील सुटकेसचा उद्योग यांमुळे मराठी मध्यमवर्गाच्या माळ्यावरून ट्रंक हळूहळू नाहीशी झाली. साच्यात ओतलेले प्लास्टिक दाबले असता किंचित आत जाते आणि पुन्हा उसळून येते. पत्र्याला मात्र एकदा पोचा पडला की तो कायमचा राहतो. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सुटकेसचे पेटंट १९७२ मध्ये मिळाले, आणि चाके आल्यावर चुंबळीचे माप संपले.

विमानाने नवे माप आणले. अनेक विमान कंपन्या एका नगाची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरांपर्यंत आणि साधारण तिकिटावर वजन २३ किलोपर्यंत धरतात. ३२ किलोंच्या वरचा एकच नग सहसा स्वीकारला जात नाही, कारण तो उचलणाऱ्या कामगाराच्या पाठीचा प्रश्न असतो. येथेही मालकाच्या आधी परक्या शरीराचाच विचार आहे, आणि तो योग्यच आहे.

या मापात सर्वांत अवघड बसते ते पाण्याखालील भाल्याच्या मासेमारीचे साहित्य. १९३० च्या दशकात भूमध्य समुद्राच्या फ्रेंच किनाऱ्यावर रूपाला आलेल्या या छंदात रबरी पट्ट्यांच्या ताणाने भाला सोडणारी बंदूक वापरतात. ७५ सेंटिमीटर मापाच्या बंदुकीचा पोलादी भाला सुमारे ११५ सेंटिमीटर भरतो, कारण त्याचे टोक नळीच्या पुढे काढावे लागते, आणि गळाच्या काठीप्रमाणे त्याचे तुकडे करावेत तर तो नेमका जोडाशी वाकण्याचा धोका राहतो. पेटीची बाहेरची लांबी १२५ सेंटिमीटर धरली, तर रुंदी आणि उंची या दोहोंसाठी मिळून ३३ सेंटिमीटर उरतात, ज्यांत बंदूक आणि लांब फिन्स, म्हणजे पायांत घालायचे पर, एकत्र बसवणे कठीण जाते. म्हणून येथे पेटीलाच वाकावे लागले: बंदुका-रायफलींसाठी बनवलेल्या, सव्वा मीटर आतील लांबीच्या, फोम भरलेल्या आणि हवेचा दाब समतोल राखणारी झडप असलेल्या पेट्या या छंदाने उचलल्या. त्या १५८ चे माप ओलांडतात, त्यामुळे खेळाच्या साहित्याचे वेगळे नियम आधी विचारून घ्यावे लागतात. शिवाय अशी पेटी रिकामीच सुमारे १२ किलो भरते, म्हणजे २३ किलोंतला निम्म्याहून अधिक वाटा भाला ठेवण्यापूर्वीच खर्ची पडतो. कार्बन तंतूंचे फिन्स आपटल्याने तडकतात, त्यांच्यासाठी हे वजन सोसणे रास्त आहे. निव्वळ भाल्यांसाठी मात्र दोन्ही तोंडे बंद केलेली नळकामाची जाड प्लास्टिकची नळी पुरते.

कुळगावातून निघणाऱ्याला ही पेटी विमानतळाआधी बदलापूरच्या फलाटावरून न्यावी लागते. सकाळच्या लोकलच्या साध्या डब्यात सव्वा मीटरची पेटी आडवी शिरत नाही, तेव्हा ती लगेजच्या डब्यात भाजीच्या टोपल्या आणि मासळीच्या पाट्या यांच्यामध्ये उभी करावी लागते, आणि उतरताना तिचे दुसरे टोक बहुधा कोणीतरी अनोळखी माणूसच धरतो.